१५३६ चं उत्तर इंग्लंडमधलं बंड: धर्मासाठी की पोटासाठी, आणि एवढी माणसं असून हरले कसे?

प्रश्न विचारणारे एमएच्या पेपरसाठी ट्यूडर काळ वाचतायत आणि आठव्या हेन्रीविरुद्धच्या १५३६ च्या बंडापाशी अडकलेत. एका पुस्तकात त्यांना मिळालं की हे मठ वाचवण्यासाठी झालेलं धार्मिक बंड, दुसऱ्यात मिळालं की खरं कारण कर आणि जमिनीचा खंड, धर्म फक्त झेंड्यापुरता. मग उत्तरात काय लिहायचं? आणि दुसरा प्रश्न, बंडखोर ३० हजाराच्या आसपास, राजाची फौज जेमतेम ८ हजार, तरी मोठी लढाई न होताच ते हरले कसे?

मी पदवी आणि एमएच्या मुलांना हा भाग २० वर्षांहून जास्त शिकवतोय, आणि सुरुवातीची काही वर्षं मीपण फळ्यावर "धार्मिक कारणं, आर्थिक कारणं, राजकीय कारणं" असे तीन रकाने पाडूनच शिकवायचो. पण त्या काळच्या जबान्या आणि मागण्यांचे कागद जसजसे वाचत गेलो तसतसं लक्षात आलं की अडचण उत्तरात नाहीये, प्रश्न जिथे कापलाय तिथे आहे. "धर्म की पोट" ही फाळणी आपण करतो, त्या माणसांच्या डोक्यात ती नव्हती. गावातलं चर्च त्यांच्यासाठी देवाचं घर होतं तसंच गावाच्या वर्गणीतून उभी राहिलेली, पिढ्यानपिढ्या जपलेली सगळ्यांची मालमत्ताही होती. तिला हात लागला की देव, पैसा, सुट्टी, मान सगळ्यालाच हात लागायचा.

आता एक आधीच सांगतो, तुमचं उत्तर कशावर अवलंबून आहे ते. एक म्हणजे तुम्ही कुठल्या जिल्ह्याबद्दल बोलताय. लिंकनशर, यॉर्कशर आणि पार उत्तर-पश्चिमेचा कंबरलंड-वेस्टमोरलंडचा डोंगराळ भाग या तिन्हीकडे बंडाचा सूर वेगवेगळा होता. दुसरं, बोलणारा कोण, उमराव, वकील, मठातला साधू की कुळानं जमीन कसणारा. आणि तिसरं, जे माझी मुलं नेहमी विसरतात, कागद कधीचा आहे, बंडखोर जोरात असतानाचा की तो माणूस तुरुंगात पडल्यानंतरचा. या तीन गोष्टी न सांगता कोणी "मुख्य कारण अमुक" म्हणत असेल तर त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

पार्श्वभूमी तुम्हाला माहीत असणार म्हणून पटकन उरकतो. १५३४ मध्ये हेन्री स्वतः इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख झाला, पोपचा अधिकार संपला. १५३५ मध्ये सगळ्या चर्चच्या उत्पन्नाची मोजणी झाली. १५३६ च्या सुरुवातीला पार्लमेंटनं कायदा केला की वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले मठ बंद करून त्यांची मालमत्ता राजाकडे जाईल. त्याच उन्हाळ्यात दहा कलमांचा नवा धर्मजाहीरनामा आला ज्यात चर्चच्या सात संस्कारांपैकी तिघांचाच उल्लेख होता, आणि ऑगस्टमध्ये थॉमस क्रॉमवेलचे पाद्र्यांसाठीचे हुकूम निघाले. क्रॉमवेल हा पटनीच्या एका लोहाराचा मुलगा, राजाचा सगळ्यात ताकदवान मंत्री झालेला, आणि हे सगळं त्याचंच काम असं लोकांना वाटायचं.

आता लाउथ. लिंकनशरमधलं हे बाजाराचं गाव, आणि माझं मत असं की बंड समजायचं असेल तर लाउथच्या दोन दिवसांवर पूर्ण तासभर घालवावा. तिथल्या सेंट जेम्स चर्चचा मनोरा जवळपास ९० मीटर उंच, १५१५ मध्ये पूर्ण झालेला, म्हणजे बंडात उतरलेल्या कित्येकांनी तो आपल्या डोळ्यांनी वर चढताना पाहिला होता. गावाजवळचा लाउथ पार्क मठ नुकताच बंद झालेला. आणि त्या भागात एकाच वेळी तीन सरकारी पथकं फिरत होती: एक मठ बंद करणारं, एक कर गोळा करणारं, आणि एक बिशपच्या वतीनं पाद्र्यांची तपासणी करणारं. तुम्ही त्या गावात राहताय असं समजा, तिन्ही पथकं याद्या करतायत, तिन्ही शिक्के मारतायत, तुम्हाला त्यांच्यातला फरक तरी कसा कळणार?

त्यातून अफवा निघाल्या. चर्चमधले चांदीचे पेले नेऊन टिनचे देणार, जवळजवळची चर्चं पाडून काही मैलांत एकच ठेवणार, बाप्तिस्म्यावर, लग्नावर, दफनावर कर लागणार, गुराढोरांवर लागणार, पांढऱ्या पावावरसुद्धा लागणार. यातलं बरंचसं खोटं होतं. पण अफवा खोटी म्हणून सोडून द्यायची नसते, ती लोकांना काय शक्य वाटत होतं ते सांगते, आणि ज्यांनी शेजारच्या मठातली घंटा उतरवून नेताना पाहिली त्यांना आपल्या चर्चमधला क्रॉस उद्या जाईल असं वाटणं अजिबात वेडेपणाचं नव्हतं. पुढे १५५० च्या आसपास, हेन्रीच्या मुलाच्या काळात, गावोगावच्या चर्चमधली चांदी खरंच जप्त झाली. म्हणजे लाउथचे लोक चुकले ते वेळेच्या बाबतीत.

१ ऑक्टोबर १५३६, रविवार. लाउथचे पाद्री थॉमस केंडल यांनी प्रवचनात लोकांना सावध राहायला सांगितलं, तपासणीत तुमच्याकडे काय मागतील ते नीट बघा. मिरवणुकीत चर्चचे चांदीचे क्रॉस पुढे होते आणि गाणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला की चला, आज यांच्या मागून चालून घेऊ, परत कधी चालायला मिळेल देव जाणे. मला हे वाक्य सगळ्या बंडाच्या जाहीरनाम्यांपेक्षा मोठं वाटतं. संध्याकाळी लोकांनी चर्चच्या खजिन्याच्या किल्ल्या ताब्यात घेतल्या आणि रात्रभर पहारा दिला. पुढारी कोण, तर निकोलस मेल्टन नावाचा चांभार, ज्याला सगळे कॅप्टन कॉबलर म्हणायला लागले. दुसऱ्या दिवशी बिशपचा माणूस तपासणीला आला तेव्हा त्याला पकडलं, त्याचे कागद बाजारात जाळले. दोन-तीन दिवसांत हॉर्नकासलमध्ये बिशपचे अधिकारी डॉ. रेन्स यांना जमावानं ठार मारलं. हे लपवायचं नाही, लोकांच्या बाजूनं सहानुभूती असली तरी रक्त पहिल्यांदा तिथे सांडलं.

आता मला सांगा, क्रॉसच्या मागे चालणं हे धार्मिक की आर्थिक? तो क्रॉस पूजेचा आहे आणि चांदीचा आहे आणि गावाच्या पैशाचा आहे. कुठल्या रकान्यात टाकाल?

असंच सुट्ट्यांचं. १५३६ च्या उन्हाळ्यात हुकूम निघाला की कापणीच्या हंगामातले आणि लंडनच्या कोर्टांच्या सत्रातले बरेचसे संतांचे सण बंद, त्या दिवशी कामाला जायचं. प्रत्येक चर्चचा स्वतःचा वर्धापनदिन असायचा, आपण गावजत्रा म्हणतो तसला, तोही सगळ्यांनी एकाच दिवशी करायचा, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. तारीख बघा, लाउथचा रविवार हाच. यॉर्कशरमध्ये वॉटन नावाच्या गावात पाद्र्यानं सेंट विल्फ्रिडचा सण जाहीर केला नाही, हा तर त्यांच्या उत्तरेचा स्वतःचा संत, तेव्हा जॉन हॅलम नावाचा माणूस उभा राहिला आणि विचारलं का नाही. पाद्री म्हणाला राजाच्या हुकमानं बंद झालाय. लोक म्हणाले आमचे सण आम्हाला आधीसारखेच पाहिजेत. आठवड्याभरानं पार पलीकडे डोंगरात कर्बी स्टीव्हनला हेच घडलं, फक्त संत वेगळा, सेंट लूक. दोन गावं एकमेकांपासून लांब, एकमेकांना ओळखत नाहीत, आणि ठिणगी तीच. लंडनहून आलेल्या कागदानं त्यांचं पंचांगच बदललं होतं.

आणि मठ. इथे रॉबर्ट आस्कला ऐकायला पाहिजे. हा यॉर्कशरचा, ऑटनच्या घराण्यातला, लंडनच्या ग्रेज इनमध्ये वकिली करणारा, एका डोळ्यानं अधू. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लंडनला निघाला होता, हंबर नदी ओलांडल्यावर बंडखोरांच्या हातात सापडला आणि पुढच्या आठवड्याभरात त्यांचा सरसेनापतीच झाला. १५३७ मध्ये तुरुंगात त्याला विचारलं गेलं की मठ बंद करायला तुमचा विरोध का, तेव्हा त्यानं दिलेलं उत्तर मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: उत्तरेत मठ गरिबांना दान द्यायचे. ते डोंगरदऱ्यांत, ओसाड जागी असायचे, तिथून जाणाऱ्या माणसांना आणि जनावरांना आसरा तेवढाच. समुद्राचे बांध, पूल, रस्ते तेच राखायचे. लोकांच्या मुली तिथे शिकायच्या, पैसे तिथे सुरक्षित ठेवता यायचे. मेलेल्यांसाठी प्रार्थना तिथे व्हायच्या. आणि आता हे खंड राजाकडे गेले की पैसा उत्तरेतून बाहेर जाणार आणि परत येणार नाही, लोकांकडे नाणंच उरणार नाही. हे सगळं तो एका दमात सांगतो, आत्म्याच्या मुक्तीपासून पुलाच्या दुरुस्तीपर्यंत, आणि मधे कुठेही थांबून म्हणत नाही की आता धार्मिक कारणं संपली, आर्थिक सुरू. वर म्हणतो की मठ हे या राज्याचं सौंदर्य आहेत.

मी वर्गात एक काम करून घेतो, तुम्हीही करून बघा. डिसेंबर १५३६ मध्ये यॉर्कशरमधल्या पाँटिफ्रॅक्टला बंडखोरांनी २४ मागण्या लिहिल्या. त्या कापून चिठ्ठ्या करा आणि ढीग लावा. काही सरळ असतात: ल्यूथर, विक्लिफ, हुस या चर्चविरोधी सुधारकांची मतं दाबा, बंद केलेले मठ परत उघडा, क्रॉमवेलला शिक्षा करा, हेन्रीची मुलगी मेरी हिला परत औरस ठरवा, पार्लमेंट यॉर्क किंवा नॉटिंगहमला भरवा. पोपबद्दलची मागणी वाचताना मुलं अडकतात, कारण आत्म्याचा कारभार रोमकडे परत द्या म्हणतात पण रोमला पैसे पाठवायचे नाहीत असंही त्यातच लिहितात. मग येतो मृत्युपत्रानं जमीन देण्यावर गदा आणणारा कायदा रद्द करा, तो चिठ्ठीवर वाचल्याबरोबर कळतं की हे जमीनदारानं आणि वकिलानं घातलंय, कॅप्टन कॉबलरला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. आणि वेस्टमोरलंड, केंडल, फर्नेस अशा ठिकाणच्या कुळांची मागणी असते की कूळ किंवा मालक बदलताना द्यावा लागणारा नजराणा दोन वर्षांच्या खंडापेक्षा जास्त नको, सामाईक कुरणांना घातलेली कुंपणं काढा. हे कुळांचं, आणि हे ज्यांच्याविरुद्ध आहे ते जमीनदार त्याच बंडात त्यांच्या शेजारी उभे आहेत! ही चिठ्ठी हातात आली की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांना आपोआप दिसायला लागतं.

म्हणजे पहिल्या प्रश्नापुरतं धरून ठेवा की ठिणगी चर्चच्या मालमत्तेची आणि सणांची होती, तिनं सगळ्यांना एकत्र आणलं, आणि त्या छत्राखाली प्रत्येक वर्गानं आपापलं गाऱ्हाणं आणलं. कंबरलंड-वेस्टमोरलंडबद्दल लिहिताय तर नजराणा आणि खंड पुढे घ्या, लाउथबद्दल लिहिताय तर चर्चची चांदी.

आता हरले कसे. लिंकनशरचं बंड दोनच आठवड्यांत विरलं. लिंकनच्या कॅथेड्रलमध्ये सामान्य लोक एकीकडे आणि जमीनदार दुसरीकडे बसून चर्चा करत होते, एकमेकांवर संशय इतका की जमीनदारांना आपलेच लोक आपल्याला मारतील अशी भीती. राजाचं उत्तर आलं, त्यात त्यानं लिंकनशरला राज्यातल्या सगळ्यात रानटी भागांपैकी एक म्हटलं, आणि सफकचा ड्यूक फौज घेऊन येतोय कळल्यावर जमीनदार सटकले, मग बाकीचे घरी गेले.

यॉर्कशरचं वेगळं होतं कारण आस्कनं त्याला शिस्त दिली आणि नाव दिलं. पिलग्रिमेज ऑफ ग्रेस, ईश्वरकृपेची यात्रा. १६ ऑक्टोबरला ते यॉर्कमध्ये शिरले, लूट करायची नाही, घेतलेल्या वस्तूचे पैसे द्यायचे असा नियम. बंद मठांतल्या साधूंना परत जाऊन राहायला सांगितलं. पाँटिफ्रॅक्टचा किल्ला तो राजासाठी सांभाळणाऱ्या लॉर्ड डार्सीनं सोपवला आणि तोही त्यांच्यात आला. छातीवर ख्रिस्ताच्या पाच जखमांचं चिन्ह, ड्युरहमकडून आलेल्यांबरोबर सेंट कथबर्टचा झेंडा. आणि शपथ. शपथेत काय होतं ते महत्त्वाचं: देवावरचं प्रेम, चर्चचं रक्षण, राजाचं आणि त्याच्या वंशाचं रक्षण, आणि नीच कुळातल्या दुष्ट सल्लागारांना दरबारातून घालवणं.

राजाचं रक्षण! म्हणून "राजाविरुद्ध बंड" हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य मी जरा बदलून घेईन. ते स्वतःला राजाविरुद्ध समजतच नव्हते. राजा चांगला आहे, त्याला क्रॉमवेलनं फसवलंय, आपण जाऊन सांगितलं की तो ऐकेल. हे ढोंग होतं का, असं मुलं विचारतात. डार्सीसारख्या मुरलेल्या उमरावाबद्दल मी पैज लावणार नाही, पण आस्कचं वागणं बघितलं तर माझ्या मते त्याचा खरंच विश्वास होता, आणि त्या विश्वासानंच त्याला मारलं.

ऑक्टोबरच्या शेवटी डॉनकास्टरला डॉन नदीच्या एका बाजूला हे ३० हजार, बरेचसे घोडेस्वार आणि हत्यारबंद, दुसऱ्या बाजूला राजाचे सेनापती, नॉरफकचा ड्यूक आणि श्रूजबरीचा अर्ल. त्या दिवशी ठरवलं असतं तर लंडनचा रस्ता मोकळा होता. पण यात्रेकरू निवेदन द्यायला आले होते, ते २७ ऑक्टोबरला तहाला तयार झाले. आणि त्याच सुमारास नॉरफकनं राजाला पत्र लिहिलं की मी यांना जी काही वचनं देईन त्याबद्दल रागावू नका, त्यातलं एकही मी पाळणार नाहीये. हे पत्र आहे, छापलेलं आहे, वाचता येतं. एका बाजूला देवाची शपथ घेतलेली माणसं आणि दुसऱ्या बाजूला हे पत्र, यापेक्षा वेगळं कारण शोधायची गरज मला तरी वाटत नाही.

पुढे राजानं वेळ काढला. डिसेंबरच्या सुरुवातीला नॉरफकनं परत डॉनकास्टरला येऊन माफी आणि पार्लमेंटचं आश्वासन दिलं. सामान्य लोकांना ते पटत नव्हतं, त्यांना राजाच्या शिक्क्याची माफी डोळ्यांनी बघायची होती, पण आस्कनं त्यांना समजावलं आणि सगळ्यांसमोर छातीवरचं चिन्ह काढून टाकलं, यापुढे राजाचंच चिन्ह घालू म्हणाला. नाताळात राजानं त्याला दरबारात बोलावलं, अंगावर घालायला किरमिजी कोट दिला. परत येऊन तो लोकांना सांगत फिरला की राजा यॉर्कला येणार, राणीचा राज्याभिषेक इथे होणार, पार्लमेंट इथे भरणार.

लोकांचा संशय मात्र गेला नव्हता आणि त्यांचंच बरोबर होतं. जानेवारी १५३७ मध्ये सर फ्रान्सिस बिगॉडनं परत उठाव केला, जॉन हॅलम त्यात होता. हा बिगॉड स्वतः सुधारणावादी, नव्या मतांचा, तरी बंडात, म्हणून सरळ कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट असं चित्र काढू नका. आस्कनं तो उठाव शमवायला मदत केली. उठाव फसला, पण राजाला हवं ते मिळालं, माफी दिल्यानंतरचा गुन्हा. फेब्रुवारीत कंबरलंडमधल्या कार्लाइल शहरावर सामान्य लोक चालून गेले, यावेळी जमीनदार बरोबर नव्हते, आणि ते मोडले. मग खटले. डार्सीचं डोकं लंडनच्या टॉवर हिलवर उडवलं, आस्कला १२ जुलै १५३७ ला यॉर्कमध्ये साखळदंडात लटकवलं, एकूण २०० च्या आसपास माणसं मारली गेली. चौकशीत डार्सीनं क्रॉमवेलला तोंडावर सांगितलं होतं की सगळ्या उमरावांची डोकी उडवलीस तरी तुझं डोकं उडवायला एक डोकं उरेल. १५४० च्या जुलैत ते खरं झालं, पण तोवर इंग्लंडमध्ये एकही मठ शिल्लक नव्हता.

जबान्या वाचण्याबद्दल एक. पकडलेला जवळजवळ प्रत्येक जमीनदार सांगतो की मला लोकांनी जबरदस्तीनं नेलं, नाही गेलो असतो तर घर जाळलं असतं. काही ठिकाणी हे खरं होतं, धमक्या दिल्या गेल्या. पण गळ्याशी दोर असलेला माणूस दुसरं काय सांगणार? मी अशा जबानीत "का" चं उत्तर शोधत नाही, "कुठे, कधी, कोण हजर होतं" एवढंच घेतो, आणि "का" साठी ऑक्टोबर-डिसेंबरचे कागद बघतो.

१५४९ च्या डेव्हन-कॉर्नवॉलच्या उठावाबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. तो सहाव्या एडवर्डच्या काळातला, इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं केलं म्हणून सॅम्पफर्ड कोर्टनी गावातून सुरू झालेला, एक्झेटरला पाच आठवडे वेढा. तिथे भाषा हा मुद्दा होता, कॉर्नवॉलच्या काही लोकांनी सरळ लिहिलं की आम्हाला इंग्रजी येत नाही. तिथे लढाया झाल्या आणि हजारो मेले. तो वेगळा प्रश्न म्हणून विचारा, इथे घुसवला तर दोन्हीवर अन्याय होईल.

कंबरलंडचं शेवटचं सांगतो, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसतं. कार्लाइलनंतर नॉरफकनं लष्करी कायदा लावून ७४ जणांना त्यांच्या त्यांच्या गावात फाशी दिलं. स्वतःच लिहिलंय त्यानं की नेहमीच्या ज्युरीपुढे नेलं असतं तर यातल्या पाचव्या हिश्श्यालाही शिक्षा झाली नसती. ही माणसं नजराण्याविरुद्ध आणि धान्यातून द्याव्या लागणाऱ्या वाट्याविरुद्ध उठलेली, पुस्तकात "आर्थिक" रकान्यात बसणारी. प्रेतं लटकतच ठेवायची होती. काही महिन्यांनी कळलं की ती नाहीयेत. चौकशी लागली, तेव्हा बायकांच्या जबान्या झाल्या: कोणाची बायको, कोणाची आई, शेजारणींना घेऊन रात्री गेल्या, दोर कापले, प्रेतं कापडात गुंडाळली आणि चर्चच्या आवारात नेऊन पुरली, आणि जिथे पाद्री घाबरून नाही म्हणाला तिथे आवाराच्या जमेल तितकं जवळ.